नाकातली कडी

रविवारी संध्याकाळी मी फ्लेकीच्या नाकातली कडी काढली.
अ‍ॅल्युमिनियमची, बाहेरच्या बाजूला बोटभर काटे.
तीन वर्षांत नाकपुडीत दोन खळगे पडले होते.
त्यांना लोणी चोळलं, तिच्याच दुधाचं.

सोमवारी सकाळच्या बोटीनं तू आलास, अर्नल्ड स्कॉली,
सँडे बेटावरून, धुतलेली जीप, धुतलेले बूट.
धक्क्यावरच म्हणालास,
बाजारात कशाला न्यायची, दलाली जाते,
माणसामाणसात मिटलेलं बरं.
मीही म्हणाले, हो, माणसामाणसात.

तू तिचे दात पाहिलेस, खूर उचलून पाहिलेस,
चारी सड एकेक करून दाबलेस.
मग तिचं नाक तळव्यात धरलंस,
आणि तुझा अंगठा
त्या खळग्यावर येऊन थांबला.
गोठ्याच्या पत्र्याखाली वारा शिरून खडखडत होता.
तू काही बोलला नाहीस.
का बोलला नाहीस ते आता कळतं.

दूध किती?
दिवसाला अठरा लिटर, मी म्हणाले. खोटं नव्हतं.
अठरा लिटर देतेच ती.
कोणाला, ते मी हातचं राखलं.

चहा झाला, ओटच्या भाकरीचा तुकडा झाला.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर तू चेक लिहिलास,
नऊशे पौंड, अक्षरी आणि आकडी,
किती सुबक अक्षर तुझं, शाळामास्तरासारखं.
टॅमस असता तर म्हणाला असता, रोख मोज.
टॅमस असता तर गाय विकलीच नसती.
फ्लेकी तुझ्या ट्रेलरमध्ये चढली ती मागे न बघता.
मला तेही लागलं.

शनिवारी तुझा फोन.
रोज सकाळी कास रिकामी, तू सांगत होतास,
आधी शेजारच्या पोरावर संशय घेतलास,
मग बादली पालथी घालून रात्रभर गोठ्यात बसलास,
कोटाखाली बॅटरी.
सव्वातीनला तिनं मान वळवली,
मागचा पाय बाजूला टाकला,
आणि स्वतःचाच सड तोंडात घेतला,
डोळे मिटून, वासरासारख्या ढुशा देत.
तू म्हणालास, मला वाटलं
मी कुणाच्यातरी झोपायच्या खोलीत शिरलोय.

मग आवाज चढवलास. फसवलंस, इसबेल ड्रीव्हर.

माझ्या दुसऱ्या हातात बँकेचं पत्र होतं.
ते मी तुला वाचून दाखवलं, सावकाश,
तारखेसकट, सही करणाऱ्या बाईच्या नावासकट.
खात्यात पुरेशी रक्कम नाही.

नंतर दोघंही गप्प.
कुठंतरी गोठ्याचं दार आपटत राहिलं,
तुझं की माझं, फोनमध्ये कळेना.

आज अकरावा दिवस.
तू पैसे पाठवत नाहीस, गाय पाठवत नाहीस.
फ्लेकीचा पासपोर्ट माझ्या खणात आहे,
त्याच्याशिवाय तुला ती विकता यायची नाही,
कसायालासुद्धा नाही.
आमच्या बेटावर तू चोर, तुमच्या बेटावर मी.
बोटीवरचा डेव्हो इकडचं तिकडे नेतो,
वाटेत स्वतःच्या पदरची मीठमिरची लावतो.
काल म्हणाला, गाय मात्र मजेत आहे,
अंगानं भरलीय.

रात्री झोप लागली नाही.
तुझी चूक मोजायला घेतली, माझीच हाताशी आली,
माझी मोजायला घेतली, तर राग तुझा आला.
पहाटे उठून कडी गरम पाण्यात उकळली.

पाकिटात कडी घातली, चिठ्ठी घातली:
काटे बाहेरच्या बाजूला.
ती मान झटकेल, तू हात मागे घेऊ नकोस.
खळगे दुखतात, थंडीत जास्त. लोणी चोळ.
सही केली नाही. पासपोर्ट घातला नाही.

पोस्टातल्या पोरीनं पाकीट काट्यावर ठेवलं,
म्हणाली, तिकीट कमी पडतंय, तीस पेनी.
माझ्या मुठीत सुटे होते.

असू दे, मी म्हणाले,
उरलेले तो भरेल.